दोन गाद्या, एक वही: पवित्र शास्त्रातले राजे समजून घेताना

‘२ राजे’चा आठवा अध्याय उघडा आणि सोळाव्या वचनापासून वाचत जा. इस्राएलात अहाबाचा मुलगा योराम राजा आहे. त्याच्या पाचव्या वर्षी यहूदात यहोशाफाटाचा मुलगा राजा होतो, आणि त्याचंही नाव यहोराम, म्हणजे योरामच. हा दुसरा योराम पहिल्याच्या घरचा जावई. त्याच्यामागून त्याचा मुलगा अहज्या गादीवर येतो आणि पहिल्या योरामाबरोबर लढाईला जातो. पण अहज्या तर याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात माडीवरून पडून, त्याच दुखण्यात वारला होता ना? तो वारला तो इस्राएलाचा अहज्या, पहिल्या योरामाचा भाऊ. हा यहूदाचा अहज्या, त्याचा भाचा.

मी याच पानावर दोनदा पुस्तक मिटून ठेवलं होतं. तिसऱ्या वेळी हाताशी वही घेतली, आणि मग ते पुन्हा मिटावं लागलं नाही. जुना करार पहिल्यांदा सलग वाचणारी बहुतेक माणसं इथे किंवा याच्या आसपास अडकतात, आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ असं समजून थेट स्तोत्रसंहितेकडे वळतात. याचं मला फार वाईट वाटतं. ही पुस्तकं अवघड नाहीत, फक्त त्यांची मांडणी आपल्याला कुणी समजावून दिलेली नसते. ती इथे पायरीपायरीने देतो आहे.

पहिली पायरी: पाच सालं पाठ करा

वाचायला बसण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर पाच आकडे मोठ्या अक्षरात लिहा. इ.स.पू. असल्यामुळे आकडा उतरत जातो, हे नव्या वाचकाने मनात पक्कं धरावं.

सुमारे १००० – दावीद राजा.
सुमारे ९३१ – शलमोन वारला, राज्याचे दोन तुकडे झाले.
७२२ – अश्शूरने उत्तरेची राजधानी शोमरोन घेतली, उत्तरेचं राज्य संपलं.
५८६ – बाबेलने यरुशलेम आणि मंदिर जाळलं, दक्षिणेचं राज्य संपलं. (काही अभ्यासक ५८७ धरतात.)
५३९ – पारसाचा राजा कोरेश बाबेल जिंकतो. त्यानंतर लोकांना परतायची मोकळीक मिळते.

एवढ्या पाच खुंट्या पक्क्या ठोकल्या की मधलं काहीही त्यांना टांगता येतं. पहिला राजा शौल, मग दावीद आणि शलमोन, यांची सालं अंदाजाने धरलेली आहेत, कारण त्या काळाला बाहेरच्या नोंदींचा भक्कम आधार नाही. शौलाच्या बाबतीत तर ‘१ शमुवेल’ १३:१ मध्ये हिब्रू प्रतीतच आकडा गळलेला आहे, म्हणून निरनिराळ्या भाषांतरांत तिथे निरनिराळे आकडे दिसतात. तिथे डोकं लावत बसू नका, पुढे चला.

दुसरी पायरी: कुठून सुरू करायचं

‘१ शमुवेल’ अध्याय ८ पासून. तिथे लोक म्हाताऱ्या शमुवेल संदेष्ट्याकडे येतात आणि म्हणतात, इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा दे. शमुवेल त्यांना बजावतो की राजा तुमच्या मुलांना रथापुढे धावायला लावील, मुलींना अत्तरं करायला आणि स्वयंपाकाला नेईल, शेतं आणि मळे घेईल, धान्याचा दहावा हिस्सा काढील. लोक तरी हट्ट सोडत नाहीत. पुढच्या चारशे-साडेचारशे वर्षांची सगळी गोष्ट या एका अध्यायात बीजरूपाने आहे.

तिथपासून ‘२ राजे’ अध्याय २५ पर्यंत एकूण ९५ अध्याय होतात. रोज दोन वाचले तर दीड महिना आणि वर दोन-चार दिवस. मूळ हिब्रूत शमुवेलाचं पुस्तक एकच आहे आणि राजांचंही एकच. दोन-दोन भाग पुढे भाषांतराच्या वेळी पडले. त्यामुळे ‘१ राजे’ संपलं म्हणजे काही संपलं असं समजू नका, तिथे कापणी अहज्याच्या गोष्टीच्या ऐन मध्यावर झालेली आहे.

‘इतिहास’ ही दोन पुस्तकं पहिल्या वाचनात बाजूला ठेवा. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

आणखी एक खूण ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात १७:१४-२० वर घालून ठेवा. राजा कसा असावा, याचा नियम तिथे आहे: त्याने फार घोडे ठेवू नयेत, घोड्यांसाठी लोकांना मिसर देशी परत पाठवू नये, फार बायका करू नयेत, सोनं-रुपं फार साठवू नये, आणि नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घेऊन ती आयुष्यभर वाचावी. मग ‘१ राजे’ अध्याय १० आणि ११ वाचा. शलमोनाकडे एका वर्षात येणारं सोनं ६६६ किक्कार (किक्कार म्हणजे वजनाचं एक मोठं माप), घोडे मिसरातून, राण्या ७०० आणि उपपत्नी ३००. वरवर हे वैभवाचं वर्णन वाटतं. खूण घातलेल्या पानाशेजारी ठेवून वाचलं की तेच आरोपपत्र होतं.

तिसरी पायरी: ‘इस्राएल’ म्हणजे नेमकं कोण

हा शब्द जागोजाग अर्थ बदलतो आणि नवख्या वाचकाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. उत्पत्तीत तो याकोबाला मिळालेलं नाव आहे. दावीद-शलमोनाच्या काळी तो बाराही वंशांना धरून आहे. ‘१ राजे’ अध्याय १२ नंतर मात्र तो बहुतेक वेळा फक्त उत्तरेच्या राज्याचं नाव होतो, आणि दक्षिणेला ‘यहूदा’ म्हणतात. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत उत्तरेलाच कधी ‘एफ्राईम’, कधी ‘शोमरोन’ म्हटलेलं सापडतं. राज्यं बुडाल्यावर उरलेले यहूदी पुन्हा स्वतःला ‘इस्राएल’ म्हणवतात. म्हणून शब्द आला की आधी विचारायचं, साल कुठलं आणि बोलणारा कोण.

फाटाफूट झाली ती शखेमात, आणि वरून पाहता कारण अगदी साधं होतं: वेठ आणि कर. शलमोनाने बांधकामासाठी लोकांना राबवलं होतं. त्याचा मुलगा रहबाम याला लोकांनी जू हलकं करायची विनंती केली. वडीलधाऱ्यांनी त्याला नमतं घ्यायला सांगितलं, बरोबरीच्या तरुणांनी ताठ राहायला. त्याने तरुणांचं ऐकलं आणि उत्तर दिलं की बापाने तुम्हाला चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन. दहा वंश उठून गेले आणि त्यांनी यराबामाला राजा केलं. मंदिर तर दक्षिणेत यरुशलेमात. आपले लोक सणाला तिकडे गेले तर मनानेही तिकडचेच होतील, या भीतीने यराबामाने बेथेल आणि दान या दोन ठिकाणी सोन्याची वासरं उभी केली. ही वासरं लक्षात ठेवा. पुढे उत्तरेच्या जवळजवळ प्रत्येक राजाच्या माथी ‘यराबामाचं पाप’ मारलेलं आहे, ते हेच.

चौथी पायरी: वहीचे दोन रकाने

आता खरं काम. वहीचं पान आडवं धरा आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘इस्राएल (उत्तर)’, उजवीकडे ‘यहूदा (दक्षिण)’. शक्यतो दोन रंगांची पेनं घ्या. डावीकडे १९ नावं येतील, उजवीकडे २०.

राजांच्या पुस्तकाचा लेखक विणकरासारखा लिहितो. एका गादीवरचा राजा घेतो, त्याची कारकीर्द शेवटपर्यंत सांगतो, मग दुसऱ्या गादीकडे जाऊन मधल्या काळात तिथे जे जे राजे झाले ते सांगतो. त्यामुळे काळ सतत पुढे-मागे होतो. यहूदाच्या आसाने ४१ वर्षं राज्य केलं, त्याचं मरण अध्याय १५ च्या चोविसाव्या वचनात येतं. पंचविसाव्या वचनात पाहावं तर आसाचं दुसरंच वर्ष चाललेलं! हे कळलं नाही तर वाचक हमखास चुकतो.

प्रत्येक राजाची नोंद ठरावीक साच्यात असते: समोरच्या गादीवरच्या राजाच्या कितव्या वर्षी बसला, किती वर्षं राज्य केलं, परमेश्वराच्या दृष्टीने बरं केलं की वाईट, बाकीची कृत्यं कुठे लिहिली आहेत, कुठे पुरला, मागून कोण आला. यहूदाच्या राजांना त्यात बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी जास्त मिळतात, गादीवर बसतानाचं वय आणि आईचं नाव. एवढंच वहीत उतरवायचं. ‘बाकीची कृत्यं इतिहासाच्या ग्रंथात लिहिली आहेत’ हे वाक्य आलं की आपल्या शास्त्रातलं ‘इतिहास’ पुस्तक उघडू नका. तो दरबारी बखरींचा उल्लेख आहे आणि त्या बखरी हरवल्या.

वही भरत गेली की डोळ्यांनाच एक गोष्ट दिसू लागते. डावा रकाना सारखा तुटतो. सुमारे दोनशे दहा वर्षांत १९ राजे आणि नऊ घराणी, सात राजांचे खून, आणि जिम्रीने सात दिवस राज्य करून स्वतःच वाड्याला आग लावून जीव दिलेला. उजव्या रकान्यात दावीदाचं एकच घराणं शेवटपर्यंत चालतं. मध्ये सहा वर्षांची एकच खोट आहे, राणी अथल्या. तिने राजवंशाचा संहार केला तेव्हा एक तान्हं बाळ, योवाश, मंदिरात लपवून वाढवलं गेलं. सगळा उजवा रकाना त्या एका मुलावर टिकला.

पाचवी पायरी: ‘लागलं’ की ‘झालं’

इथे थोडं थांबू, कारण आकडे जुळत नाहीत म्हणून पुष्कळांचा विश्वास किंवा उत्साह, दोन्ही डळमळतात.

उत्तरेच्या नादाब राजाचं उदाहरण घ्या. ‘१ राजे’ १५:२५ म्हणतं, तो आसाच्या दुसऱ्या वर्षी राजा झाला आणि त्याने दोन वर्षं राज्य केलं. तीनच वचनं पुढे बाशा त्याला आसाच्या तिसऱ्या वर्षी ठार मारतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं म्हणजे वर्ष झालं एक, मग दोन कशी?

आपल्या घरात बाळाचं वय दोन तऱ्हांनी सांगतात. पहिला वाढदिवस झाला की कुणी म्हणतं ‘एक पूर्ण झालं’, कुणी म्हणतं ‘दुसरं लागलं’. मूल तेच, दिवसही तेच. उत्तरेचे लेखनिक ‘लागलं’ धरून मोजत. राजा वर्षाच्या मध्येच बसला तरी ते त्याचं पहिलं वर्ष, आणि नवं वर्ष उजाडलं की दुसरं लागलं. नादाबाचं दुसरं लागलं होतं. बाशाचा मुलगा एला याचंही तसंच: बसला आसाच्या सव्विसाव्या वर्षी, मेला सत्ताविसाव्या वर्षी, आणि नोंद ‘दोन वर्षं’.

याचा पडताळा शास्त्राबाहेरही मिळतो, आणि तो मला फार सुंदर वाटतो. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईची हकीकत आहे. त्याच्याविरुद्ध जमलेल्या राजांत अहाबाचं नाव आहे, दोन हजार रथ आणि दहा हजार पायदळासह. त्याच शल्मनेसराने ८४१ मध्ये इस्राएलाचा राजा येहू याच्याकडून खंडणी घेतल्याचं कोरून ठेवलं आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या काळ्या स्तंभावर ते चित्र पाहायला मिळतं: राजापुढे एक माणूस कपाळ जमिनीला टेकून वाकलेला, आणि वर येहूचं नाव. अहाब आणि येहू यांच्या मध्ये दोन राजे येतात, अहज्या दोन वर्षं आणि योराम बारा वर्षं. बेरीज चौदा. पण ८५३ ते ८४१ बाराच वर्षं! आता ‘लागलं’ची रीत लावा. अहज्याचं एक भरलं, दुसरं लागलं. योरामाची अकरा भरली, बारावं लागलं. एक आणि अकरा, बारा. बरोबर बसलं. कर्करची लढाई त्या वर्षीची, आणि अहाबाचं मरणही त्याच वर्षातलं.

दक्षिणेत बराच काळ दुसरी रीत होती. राजा बसल्यापासून नव्या वर्षापर्यंतचे महिने हिशेबात धरत नसत, पहिलं वर्ष नव्या वर्षापासून. बाबेलमध्येही तसंच. म्हणून यरुशलेम जळालं ते ‘२ राजे’ २५:८ प्रमाणे बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या एकोणिसाव्या वर्षी, आणि ‘यिर्मया’ ५२:२९ मध्ये त्याच्या अठराव्या वर्षाचा आकडा. शिवाय वर्ष कुठल्या महिन्यात सुरू होतं हाही प्रश्न आहेच. निसान महिना वसंतात येतो, तिश्री शरदात. आपल्याकडे चैत्री पाडव्याला वर्ष सुरू होतं आणि शेजारी गुजरातेत दिवाळीच्या पाडव्याला, तसाच प्रकार.

तिसरी गोष्ट म्हणजे कारकिर्दी एकमेकींवर चढतात. अम्रीचं पाहा. जिम्री मेला आसाच्या सत्ताविसाव्या वर्षी. अम्रीचा मुलगा अहाब गादीवर आला अडतिसाव्या वर्षी. अम्रीने बारा वर्षं राज्य केलं आणि तो एकतिसाव्या वर्षी राजा झाला, असं १६:२३ सांगतं. एकतिसावं ते अडतिसावं, दोन्ही टोकं धरली तरी आठच. पण दोन वचनं वर जा: लोकांत फूट पडली होती, अर्धे तिब्नीच्या बाजूने आणि अर्धे अम्रीच्या. तिब्नी मेला आणि अम्री एकटा राजा उरला, ते एकतिसावं वर्ष. बारा वर्षांचा आकडा सत्ताविसाव्यापासूनचा आहे. हे कोडं मजकुरानेच सोडवून ठेवलेलं असतं, आपण फक्त घाईत पुढे जातो.

तसंच बाप जिवंत असताना मुलाने कारभार पाहणं. यहूदाचा राजा उज्जीया याला कोड उठलं, तो वेगळ्या घरात राहू लागला आणि त्याचा मुलगा योथाम घरावर नेमला जाऊन लोकांचा न्याय करू लागला (‘२ राजे’ १५:५). अशी सामाईक वर्षं दोघांच्याही नावावर पडू शकतात.

सगळेच आकडे असे सुटतात असं मी म्हणणार नाही. यहूदाच्या हिज्कीयाच्या सहाव्या वर्षी शोमरोन पडलं, म्हणजे ७२२, आणि त्याच्याच चौदाव्या वर्षी अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला, म्हणजे ७०१. सहा आणि चौदामध्ये आठ वर्षं, ७२२ आणि ७०१ मध्ये एकवीस. काहीजण इथेही बापासोबतचं राज्य धरतात, काहीजण आकडा नकलताना बदलला असं मानतात. अशा जागी वहीत प्रश्नचिन्ह घाला. ते चिन्ह असणं काही कमीपणाचं नाही.

सहावी पायरी: नावांची जोडपत्री

वहीच्या शेवटच्या पानावर नावांची यादी ठेवा. एकच माणूस दोन नावांनी येतो आणि एकच नाव दोन माणसांना असतं. उज्जीया आणि अजऱ्या एकच. बाबेलला गेलेला यहोयाखीन म्हणजेच मत्तयाच्या वंशावळीतला यखन्या. त्याचा बाप यहोयाकीम, फरक फक्त शेवटच्या दोन अक्षरांचा. सिद्कीयाचं आधीचं नाव मत्तन्या. ते नबुखद्नेस्सराने बदललं, कारण मांडलिकाचं नाव बदलणं ही मालकी दाखवायची रीत होती. अश्शूरचा ‘पूल’ आणि तिग्लथ-पिलेसर हेही एकच. उलट यराबाम दोन आहेत, त्यांच्यात सव्वाशेहून जास्त वर्षांचं अंतर. योराम, अहज्या, योवाश, यहोआहाज ही नावं दोन्ही गाद्यांवर आढळतात. म्हणून वहीत नुसतं नाव कधी लिहू नका, ‘अमक्याचा मुलगा अमका’ असंच लिहा. शास्त्रही तसंच लिहितं.

मराठी भाषांतरांत नावांचं लेखन थोडंथोडं वेगळं असतं. तुमच्या हातातल्या प्रतीत असेल तेच धरा.

सातवी पायरी: मोठी राज्यं कुठे होती ते पाहा

नकाशा उघडून एकदाच नीट पाहा. इस्राएल आणि यहूदा ही मिसर आणि मेसोपोटेमिया यांच्या मधली अरुंद पट्टी. उत्तरेकडे सुपीक खोरी आणि व्यापाराच्या वाटा, म्हणून पैसा आणि म्हणूनच फौजाही तिकडे आधी. दक्षिण डोंगराळ आणि गरीब. ती सुमारे १३६ वर्षं जास्त तगली, त्याचं एक कारण हेही आहे. वहीच्या समासात त्या त्या वेळची महासत्ता लिहा: रहबामाच्या पाचव्या वर्षी मिसरचा शिशक, मग दिमिष्काचे अरामी, मग अश्शूर, शेवटी बाबेल.

हिज्कीयापाशी जरा रेंगाळा. इ.स.पू. ७०१ च्या स्वारीसाठी आपल्याकडे दोन्ही बाजूंची कैफियत आहे, असं प्राचीन इतिहासात फार थोड्या वेळा होतं. सन्हेरीबाने मातीच्या षट्कोनी स्तंभावर लिहवून घेतलं की हिज्कीयाची ४६ तटबंदीची गावं घेतली आणि त्याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. खंडणीत सोनं ३० किक्कार. ‘२ राजे’ १८:१४ मध्येही सोनं ३० किक्कारच आहे. चांदीचा आकडा जुळत नाही, शास्त्रात ३०० आणि स्तंभावर ८००. आणि एक गोष्ट सन्हेरीब लिहीत नाही: शहर घेतलं, असं तो कुठेच म्हणत नाही. निनवेच्या राजवाड्याच्या भिंतींवर त्याने चित्रं कोरवली ती लाखीशची, मोठा विजय म्हणून दाखवायला त्याच्यापाशी तेच होतं.

शहराच्या आत काय चाललं होतं, त्याची खूण आजही पायी चालून पाहता येते. ‘२ राजे’ २०:२० मध्ये अर्धं वाक्य आहे, हिज्कीयाने तळं आणि पाट करून शहरात पाणी आणलं. तो खडकातला बोगदा ५३३ मीटर लांब आहे, नागमोडी, आणि अजूनही त्यातून पाणी वाहतं. दोन्ही टोकांकडून खणत आलेल्या माणसांना पलीकडच्यांचे आवाज ऐकू आले आणि मग कुदळीला कुदळ भिडली, हे सांगणारा हिब्रू लेख १८८० मध्ये आतल्या भिंतीवर सापडला. त्यात राजाचं नाव नाही, त्या घामाघूम माणसांचीच हकीकत आहे.

अशा आणखी दोन खुणा समासात टिपून ठेवा. मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख १८६८ मध्ये मिळाला. तो ‘२ राजे’ अध्याय ३ शेजारी वाचावा, त्यात अम्रीचं नाव आहे. आणि उत्तरेकडच्या तेल दान इथे १९९३ मध्ये अरामी लेखाचा तुकडा निघाला, त्यात ‘दावीदाचं घराणं’ असे शब्द आहेत. दावीदाच्या राज्याचा विस्तार किती होता यावर पुरातत्त्वज्ञांत वाद आहे, पण शेजारचे लोक यहूदाच्या राजवंशाला त्याच्या नावाने ओळखत होते एवढं त्या दगडावरून दिसतं.

आठवी पायरी: लेखकाची मोजपट्टी

अम्रीने शोमरोन वसवलं, नवी राजधानी उभी केली. अश्शूरचे लेखनिक पुढे कित्येक वर्षं इस्राएल देशाला ‘अम्रीचं घर’ म्हणत राहिले. आणि राजांच्या पुस्तकात अम्रीला किती जागा आहे? सहा वचनं. दुसऱ्या यराबामाने ४१ वर्षं राज्य केलं, सरहद्दी वाढवल्या. त्याला सात वचनं. उलट अहाबाच्या काळातला एलीया नावाचा केसाळ अंगरखा घातलेला संदेष्टा अध्यायच्या अध्याय व्यापून आहे.

राजाने किती मुलूख जिंकला हे या लेखकाच्या लेखी गौण आहे. विधवेशी, नाबोथासारख्या शेजारच्या मळेवाल्याशी, आणि परमेश्वराशी तो कसा वागला, हे त्याला विचारायचं आहे. म्हणून हिब्रू शास्त्रात ही पुस्तकं संदेष्ट्यांच्या विभागात ठेवलेली आहेत. एवढं ध्यानात आलं की ‘याने वाईट केले’ हे वाक्य कंटाळवाणं वाटेनासं होतं.

एलीयाचं नाव आपल्या मातीतही रुजलेलं आहे, म्हणून सांगतो. कोकणातले मराठी बोलणारे यहूदी, म्हणजे बेने इस्राएल, ‘एलियाहू हनबी’ला (एलीया संदेष्ट्याला) फार मानतात, त्याच्या नावाने मलिदा करतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. एकोणिसाव्या शतकात त्यांनी या कथांवर मराठीतून कीर्तनंही केली.

नववी पायरी: संदेष्टे आपापल्या जागी बसवा

आता दोन्ही रकाने भरले असतील. संदेष्ट्यांच्या पुस्तकांची पहिली एक-दोन वचनं वाचा आणि नाव त्या राजासमोर लिहा. आमोस आणि होशेय दुसऱ्या यराबामापाशी. यशया आणि मीखा उजवीकडे, योथाम, आहाज, हिज्कीया यांच्या ओळीत. यिर्मया योशीयाच्या तेराव्या वर्षापासून थेट शहर जळेपर्यंत. यहेज्केल बाबेलात, यहोयाखीनाच्या बंदिवासाच्या पाचव्या वर्षापासून. योएल आणि ओबद्या यांनी कुठल्या राजाचं नाव दिलेलं नाही, त्यांना मोकळं ठेवा.

मग आमोस पुन्हा वाचून पाहा. दुसऱ्या यराबामाची सात वचनं सांगतात की राज्य भरभराटीत होतं. आमोस सांगतो त्या भरभराटीच्या तळाशी काय होतं: गरिबाला पायातल्या जोड्याच्या किमतीला विकणारे लोक, हस्तिदंती पलंगांवर लोळणारे श्रीमंत. शोमरोनच्या उत्खननात कोरीव हस्तिदंताचे तुकडे खरोखरच निघाले आहेत. तकोवाचा हा मेंढपाळ दक्षिणेतून बेथेलला येतो, त्या सोन्याच्या वासराच्या ठाण्यात उभा राहून बोलतो, आणि तिथला याजक त्याला सांगतो, जा बाबा, तुझ्या यहूदात जाऊन संदेश सांग, हे राजाचं मंदिर आहे. तिसऱ्या पायरीतली ती वासरं कुठवर पोचली पाहा.

यशया ७ ही असाच शेजारी ठेवून वाचा. आहाज घाबरलेला आहे तो पेकह आणि रसीन या दोन राजांना, आणि ते कोण हे ‘२ राजे’ १६ मध्येच कळतं.

दहावी पायरी: आता ‘इतिहास’

ही पुस्तकं बंदिवासानंतरची, परतलेल्या लोकांसाठी लिहिलेली. उत्तरेच्या राजांना ती जवळजवळ गाळतात. दावीदाचं बथशेबेशी प्रकरण नाही, त्याचा मुलगा अबशालोम याचं बंड नाही. मंदिर, गायक आणि मंदिराची सेवा करणारे लेवी मात्र तपशीलवार. दोन्हींतला फरक पाहायचा असेल तर मनश्शे घ्या. ‘२ राजे’ २१ मध्ये ५५ वर्षं राज्य केलेला हा राजा सगळ्यांत वाईट, यहूदाच्या नाशाचा दोष त्याच्या माथी. ‘२ इतिहास’ ३३ मध्ये त्याला बेड्या घालून बाबेलला नेतात, तिथे तो नम्र होऊन प्रार्थना करतो आणि देव त्याचं ऐकतो. पहिला लेखक विचारतो, आपण बुडालो कशाने? दुसरा ज्यांच्यासाठी लिहितो त्यांचा प्रश्न वेगळा आहे: आता परत येता येईल का? म्हणूनच दुसऱ्याचं पुस्तक कोरेशाच्या फर्मानावर, यरुशलेमला जायच्या परवानगीवर संपतं.

राजांचं पुस्तक संपतं ते मात्र बाबेलातल्या एका जेवणाच्या मेजावर. यहोयाखीन अठराव्या वर्षी गादीवर आला, तीन महिने राज्य केलं आणि इ.स.पू. ५९७ मध्ये कैद होऊन गेला. बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी बाबेलचा नवा राजा अवील मरोदख त्याला कैदेतून काढतो, त्याची बंदिवासाची वस्त्रं बदलतो, आणि तो आयुष्यभर राजाच्या पंक्तीला जेवतो. बाबेलच्या राजवाड्याच्या अवशेषांत शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्याच्या सुटकेच्याही आधीच्या काळातल्या. त्यांत तेल कुणाला किती द्यायचं याची यादी आहे, आणि त्या यादीत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे आहेत. वहीच्या उजव्या रकान्यात, सिद्कीयाच्या खाली, हे तेल आणि ते पाच मुलगेही लिहून ठेवा. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली ती याच यखन्याच्या पुढे, त्याचा मुलगा शल्तीएल याच्या नावाने चालू राहते.